सोमनाथचा श्रावण

सोमनाथ बोडके दारुडा नव्हता. असं त्याची आई लंकाबाई सांगायची, भाऊबंद सांगायचे, कंपनीतला सुपरवायझर सांगायचा, आणि बरीच वर्षं त्याची बायको लताही सांगत आली. पुरावा विचारला की सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, श्रावण. वर्षाचे अकरा महिने पिणारा हा माणूस श्रावण लागला की बाटलीकडे ढुंकूनही बघायचा नाही. दाढी वाढवायचा, सोमवारी निर्जळी उपास करायचा, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी मारायचा आणि येताना त्र्यंबकहून पेढे आणायचा. "दारुड्याला जमंल का हे?" असं लंकाबाई शेजारणींना विचारायची. शेजारणी माना हलवायच्या. उरलेल्या अकरा महिन्यांचं काय, हे विचारायची फुरसत मात्र कुणालाच नव्हती.

नाशिकला अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये तो डायफिटर होता. पत्र्यातून गाड्यांचे सुटे भाग कापायचे जे पोलादी साचे असतात, त्यांना डाय म्हणतात. त्यांच्या कडा कानशीने घासून एकमेकींशी जुळवायच्या आणि फट ठेवायची ती केसाहून बारीक, असं त्याचं काम. कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो, आणि त्या कंपनीत तो हात सोमनाथचा असायचा. डाय अडली की सुट्टीच्या दिवशीही त्याला बोलावणं यायचं. लताचे वडील कौतुकाने सांगायचे, मी जावयाचा पगार विचारला नाही, हात बघितला.

पिणं सुरू झालं तेही या हाताच्या कौतुकातूनच. एखादी किचकट डाय जुळली, पहिला नग बिनचूक पडला, की पाळी सुटल्यावर चारजण बसायचे. पाठीवर थाप पडायची, पुढ्यात ग्लास यायचा. नाही म्हणायचं कारणही नव्हतं, कारण निफाडकडच्या त्यांच्या गावी बापही रोज घेतच होता. बाप पन्नाशीच्या आत गेला, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. घरात त्या मरणाला आजतागायत कावीळ म्हणतात.

पस्तिशीनंतर एका सकाळी सोमनाथच्या लक्षात आलं की कानस हातात थरथरतेय. त्याला दरदरून घाम फुटला. हातच गेला तर उरलं काय? शेजारच्या बाकावरच्या एका जुन्या फिटरने हसत हसत इलाज सांगितला, सकाळी थोडी पोटात पडू दे, हात जागेवर येतो. दुसऱ्या दिवशी त्याने करून पाहिलं. हात खरोखरच जागेवर आला. त्या दिवसापासून पहिल्या पाळीला जाताना तो घरून दहा मिनिटं लवकर निघू लागला. लताला वाटायचं, नवरा कामाला किती चोख आहे.

तर अशी अकरा महिन्यांची गोष्ट. श्रावणाची गोष्ट वेगळी होती. श्रावणात तो संध्याकाळी वेळेवर घरी यायचा. लेकीला, वेदिकाला, शेजारी बसवून तिची गणितं सोडवून द्यायचा. लताला गजरा आणायचा आणि तो दिल्यावर वेड्यासारखा लाजायचा. लता एकदा तिच्या बहिणीला म्हणाली होती, "एकोणीस वर्षांच्या संसारात मला एकोणीस महिने नवरा मिळाला." बहीण हसली. लता हसली नव्हती.

त्या महिन्याचे पहिले चार दिवस मात्र वाईट जायचे. सुरुवातीच्या वर्षांत नुसती मळमळ आणि चिडचिड. मग अंग थरथरायला लागलं, अंथरूण घामाने भिजायला लागलं. एका वर्षी त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसल्या आणि तो चपलेने भिंत बडवत बसला. "अंगातली घाण निघतीया, निघू दे," असं लंकाबाई म्हणायची आणि लिंबूसरबत करायला सांगायची. पाचव्या दिवशी तो उठून आंघोळ करायचा, कपाळाला भस्म लावायचा, आणि मग घरातल्या सगळ्यांनाच वाटायचं, सुटलो.

या घरात दारुडा म्हणून ज्याचं नाव घ्यायचं तो होता धाकटा भाऊ योगेश. तो टेम्पो चालवायचा, भाजीपाल्याची भाडी करायचा आणि बारमाही प्यायचा. श्रावण नाही, नवरात्र नाही, संकष्टी नाही. लंकाबाई श्रावणात त्याला घरचा कपसुद्धा द्यायची नाही, चहा प्यायचा तर बाहेरच्या टपरीवर. "तुझा भाऊ बघ आन् तू बघ," असं ती म्हणाली की योगेश खाली मान घालून निघून जायचा. भावाबद्दल त्याच्या मनात अढी नव्हती. उलट, दादा म्हणजे त्याला देव वाटायचा.

गेल्या वर्षीच्या श्रावणात, तिसऱ्या दिवशी सकाळी, सोमनाथ बेलाची पानं घेऊन जिना चढत होता. अर्ध्या जिन्यात त्याचं अंग ताठलं, मान एका बाजूला वळली आणि तो खाली घरंगळला. तोंडाला फेस. लंकाबाईने ओरडून गल्ली गोळा केली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. तिचं म्हणणं पडलं की कुणीतरी पोरावर केलंय, गावाकडून भगताला आणा. लताने मात्र रिक्षा बोलावली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तोवर तो शुद्धीवर आला होता, पण आपण कुठे आहोत हे त्याला उमगत नव्हतं.

तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर अपूर्वा तिशीतल्या होत्या, आवाज हळू आणि प्रश्न सरळ. त्यांनी पहिलंच विचारलं, "दारू किती घेतात?"

"श्रावण हाय मॅडम," लंकाबाई ठसक्यात म्हणाली. "थेंब नाय तोंडाला. माझा पोरगा श्रावण पाळतो."

"आणि श्रावणाच्या आदल्या दिवसापर्यंत?"

गटारीला तो किती प्यायला होता ते तिघांनाही माहीत होतं. डॉक्टर लताकडे बघत राहिल्या. सासूसमोर नवऱ्याचं असलं काही सांगायचं म्हणजे भर चौकात पदर सोडण्यासारखं, तरी लता बोलली. "रोज घेतात. सकाळी एक क्वार्टर. रात्रीची मोजत नाय मी." लंकाबाईने तिच्याकडे जे बघितलं ते लता पुढे वर्षभर विसरली नाही.

त्याच दुपारी सोमनाथ वॉर्डात भरकटला. पलंगावर साप आहेत म्हणून ओरडला, सलाईनची सुई उपसली. चार दिवस त्याचे हातपाय पलंगाला बांधून ठेवावे लागले. इंजेक्शनं, गोळ्या, दंडातून जाणारी पिवळी जीवनसत्त्वं. पाचव्या दिवशी तो माणसात आला आणि लाजेने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

डॉक्टरांनी त्याच्याशी बोलताना फार उपदेश केला नाही. चारपाचच गोष्टी विचारल्या. कमी करायची ठरवून जमलं नाही, असं झालंय का? पूर्वी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागतं का? सकाळी हात थरथरतो का, आणि घेतल्यावर थांबतो का? घरात, कामावर नुकसान होतंय हे दिसत असूनही घेतली जाते का? सोमनाथ प्रत्येक वेळी अगदी हळू "हो" म्हणत गेला. आणि शेवटी म्हणाला, "पण मॅडम, मी श्रावण पाळतो."

"महिनाभर सोडता येते म्हणून आजार नाही, असं होत नाही सोमनाथ," डॉक्टर म्हणाल्या. "महिना संपल्यावर ती परत का येते, त्यात आजार आहे. तुम्ही प्रेसवर काम करता ना? स्प्रिंग रोज दाबून ठेवली तर ती काय करते?"

"उलटा जोर लावती."

"मेंदूचं तसंच. दारू त्याला रोज दाबते, तो रोज उलटा जोर लावायला शिकतो. तुम्ही एके दिवशी दाब एकदम काढलात, तर तो जोर जाणार कुठे? आकडी येते, भास होतात. माणूस दगावतोही. आणि दरवर्षी असं झटक्यात सोडलं की पुढच्या वर्षीचा झटका मोठा येतो."

लता पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला आधी चपलेने भिंत बडवणारा सोमनाथ आठवला, मग गजरा आणणारा. तिच्या वाट्याचे ते एकोणीस महिने, ज्यांच्यावर तिने संसार रेटला, तेच दरवर्षी नवऱ्याला थोडं थोडं मरणाकडे ढकलत होते. ती बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली आणि बराच वेळ तिला रडूही येईना.

त्यानंतरचे पाच महिने चांगले गेले हेही सांगायला हवं. गोळ्या हळूहळू कमी करत बंद झाल्या, ओढ कमी करणारी एक गोळी चालू राहिली. दर गुरुवारी दोघं वॉर्डातल्या बैठकीला जायची. तिथे रेल्वेतला एक फिटर मनमाडहून यायचा, एक मास्तर यायचे, नळपट्टीच्या कचेरीतला एक कारकून यायचा. बायका वेगळ्या खोलीत बसायच्या आणि नवऱ्यांबद्दल मोकळं बोलायच्या. नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, हे लताने आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकलं. दिवाळीत घरात दारू नव्हती, आणि श्रावणही नव्हता.

मग सोमनाथला बरं वाटायला लागलं, आणि घात तिथेच झाला. बरं वाटल्यावर गोळी कशाला, असं त्याच्या मनाने घेतलं. गुरुवारी कंपनीत काम निघायला लागलं. जानेवारीत एक सहकारी निवृत्त झाला, त्याच्या निरोपाला 'एकच' झाली. होळीपर्यंत सकाळची क्वार्टर पुन्हा चालू. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या आजारात पाय घसरतो, घसरला तर लाजू नका, परत या. पण सोमनाथला त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत होईना. लता म्हणायची, चला. तो म्हणायचा, "श्रावणात सोडतोच ना मी."

"तसं सोडायचं नाय, सांगितलंय ना!"

"तू आता डॉक्टर झाली का?"

यंदा श्रावण शुक्रवारी लागत होता. बुधवारी लता त्याला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याचे पसरलेले हात बघितले, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "आजच भरती व्हा. खाट रिकामी आहे." सोमनाथ ऐकेना. आईने सोमवारी अभिषेक ठरवलाय, पाहुणे येणारेत, मंगळवारी सकाळी येतो. अर्धा तास वाद झाला. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि बजावलं, "मग मंगळवारपर्यंत एकदम बंद करायची नाही. ऐकताय ना? थोडी थोडी घेत राहायची, या गोळ्या घ्यायच्या. हात जास्त थरथरले, भास झाले, काहीही वेगळं दिसलं, तर अभिषेक सोडून त्यांना इथे आणायचं." लताने मान हलवली. सोमनाथनेही हलवली.

शुक्रवारी सकाळी त्याने आंघोळ केली, देवासमोर पाण्याने भरलेली ओंजळ ताम्हनात सोडली आणि उठला. लंकाबाईचे डोळे भरून आले. लताने पुढे केलेल्या डॉक्टरांच्या गोळ्या त्याने बाजूला सारल्या.

शनिवारी सकाळपर्यंत तिने धीर धरला. त्याच्या हातातली बशी कपावर वाजत होती, बनियन भिजलं होतं. लंकाबाई देवळात गेलेली बघून लताने माळ्यावरची बाटली काढली, औषधाच्या मापाने ग्लासात ओतली, पाणी घातलं आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवली. जन्मात तिने नवऱ्याला स्वतःच्या हाताने दारू दिली नव्हती.

सोमनाथ ग्लासाकडे बघत राहिला. त्याला किती हवी होती ते त्याच्या गळ्याच्या हालचालीवरून दिसत होतं.

"श्रावण हाय, लता."

"डॉक्टरांनी सांगितलंय. औषध समजा."

"आज ही घेतली तर मग मी कोण राहतो, सांग बरं? बाप जसा होता तसाच ना?" त्याचा आवाज फुटला. "एवढं एक राहिलंय माझ्याकडं. ते पण काढून घेती का?"

यावर खरं उत्तर होतं, की हो, काढून घेते, कारण तुम्ही मेलात तर त्या श्रावणाचं मी काय करू. पण हे उत्तर लताला त्या वेळी सुचलं नाही. तिला सुचला तो एवढाच विचार, की याला असं रडताना बघवत नाही, आणि कदाचित, कदाचित या वर्षी काही होणारही नाही. तिने ग्लास उचलला आणि मोरीत ओतून टाकला. पुढे ती या एका मिनिटाशी रोज भांडणार होती.

रविवारी तो बरा दिसला. निदान तिला तसा दिसला, कारण त्याने दिवसभर हात शालीखाली ठेवले होते. पाहुण्यांशी हसून बोलला, साबुदाण्याची खिचडी दोन घास खाल्ली. "बघ," लंकाबाई म्हणाली, "देव असतोय पाठीशी." लताने तिकडे दुर्लक्ष करून दोनदा त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. "उन्हात बसलो होतो," असं तो म्हणाला. ऊन त्या दिवशी पडलंच नव्हतं, आणि हेही तिच्या लक्षात आलं होतं.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती चहा घेऊन आत गेली तेव्हा तो पलंगाच्या कडेशी वाकून उभा होता. हातात काही नव्हतं. दोन्ही हातांनी तो नसलेली कानस नसलेल्या डायवर पुढेमागे चालवत होता. मध्येच थांबायचा, अंगठ्याने कड चाचपायचा, डोळा बारीक करून उजेडाकडे धरायचा, पुन्हा घासायला लागायचा. "पाच मायक्रॉन राहिलेत," तो कुणाला तरी म्हणाला. "पाच मायक्रॉन, साहेब. पाळी सुटायच्या आत देतो." तिला त्याने ओळखलं नाही.

लताने फोन लावला तो योगेशला. त्याचा टेम्पो दहा मिनिटांच्या अंतरावर उभा असायचा. "आलोच वहिनी," असं तो म्हणाला. रुग्णवाहिकेला फोन करायला ती वळली, तेवढ्यात लंकाबाईने तिचा हात धरला.

"पाहुणे बसलेत बाहेर. गुरुजी येतील आता. तासाभराचं काम, अभिषेक होऊ दे, मग ने. दर साली होतंच ना असं?"

"आत्याबाई, त्यांना माणूस ओळखू येईना!"

"श्रावण सोमवार हाय पोरी. आज त्याला काय होनार?"

योगेश येतोच आहे, मग गाडी कशाला बोलवायची, या हिशोबाने लता थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चाळीस मिनिटांनी सोमनाथला पहिली आकडी आली. तिने तेव्हा रुग्णवाहिकेचा नंबर लावला, तोवर टेम्पोचा आवाज आला. चौघांनी त्याला उचलून मागे ताडपत्रीवर निजवलं. लता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. केबिनच्या खिडकीतून योगेशच्या श्वासाचा वास तिच्यापर्यंत आला, ताजा वास. आत्ता, सकाळी सात वाजता, इकडे यायच्या आधी हा पिऊन आला होता.

वाटेत दुसरी आकडी आली, ती थांबायच्या आत तिसरी. ताकदीचा गडी होता, टेम्पोचा पत्रा वाजत होता. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत वाजणं थांबलं. आत डॉक्टरांनी वीस मिनिटं खटपट केली. डॉक्टर अपूर्वा धावत खाली आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी लताला एकही प्रश्न विचारला नाही, तिच्या शेजारी बाकड्यावर बसून राहिल्या. लताला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग माणसं यायला लागली आणि एकच गोष्ट बोलायला लागली. श्रावणात गेला. सोमवारी गेला. तोंडाला थेंब नव्हता. सोनं झालं हो पोराचं. प्रत्येक जण हे तिचं सांत्वन म्हणून सांगायचा, आणि प्रत्येक वेळी तिला सांगणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. वेदिकाने एकदा विचारलं, "आई, पप्पा कशानं गेले?" लता उत्तर देणार तोच लंकाबाई म्हणाली, "फिट आली बाळा." बापाच्या काविळीशेजारी आता लेकाची फिट मांडून झाली.

सोमनाथला मुलगा नव्हता, म्हणून क्रियेला योगेश बसला. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा पंचा. लता दहा दिवस त्याला बघत होती. सकाळी तो उठायचा तेव्हा त्याच्या हातातला तांब्या हिंदकळायचा. मग तो टेम्पोत काही राहिलंय म्हणून बाहेर जायचा आणि परत आला की हात स्थिर असायचे. घरातल्या कुणालाच ते दिसत नव्हतं. लताला आता दुसरं काही दिसतच नव्हतं.

दहाव्याला सगळे रामकुंडावर जमले. गोदेला पाणी चढलेलं, पायऱ्या निसरड्या. पिंड ठेवला गेला आणि माणसं मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागली. समोरच्या छपरावर पाचसहा कावळे होते, पण एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. कुजबुज सुरू झाली, काहीतरी मनात राहिलंय. लंकाबाई हात जोडून म्हणाली, "सोमा, तुझे सोमवार मी करीन रे." कावळा हलला नाही. लताचे वडील म्हणाले, वेदिकाचं शिक्षण थांबू देणार नाही. कावळा हलला नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं.

तेव्हा योगेश पुढे आला. गुडघाभर पाण्यात उतरला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "दादा, त्या दिवशी मला उशीर झाला. घेतल्याबिगर मला स्टेअरिंग धरता येईना. म्हणून उशीर झाला, दादा." त्याने ओंजळीत पाणी घेतलं. "आजपासून दारूचा थेंब नाय. तुझी शपथ. आत्तापासून बंद." त्याने ओंजळ सोडली.

आणि कावळा उतरला. पिंडावर चोच मारली, दोनदा, तीनदा. जमलेल्या चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. बायका रडायला लागल्या. "ह्याच्यातच जीव अडकला होता बघा," कुणी म्हणालं. लंकाबाई पाण्यात उतरून धाकट्याच्या गळ्यात पडली. वर्षानुवर्षं ज्याला तिने कप दिला नव्हता त्याचं तोंड ती कुरवाळत होती. "सुटला माझा सोमा. आन् तू बी सुटला."

लता पायऱ्या उतरून पाण्यात गेली. तिने योगेशचा हात मनगटाशी धरला. हात गार होता आणि आतून थडथडत होता.

"भाऊजी, आज सोडायची नाय."

त्याला कळलंच नाही. "काय म्हणालात वहिनी?"

"आज सोडायची नाय. रोजच्यापेक्षा थोडी कमी घ्या, पण घ्या. रात्री घ्या, उद्या सकाळी उठल्यावर घ्या. आठ वाजता मी तुमच्या दारात येते, रिक्षाने आपण दवाखान्यात जायचं. तिथं भरती व्हायचं, आन् तिथं सोडायची."

घाटावर सगळे एकदमच बोलायला लागले. गुरुजी म्हणाले, ताई, अहो, आत्ता संकल्प झालाय. लंकाबाईने लताला ढकलून बाजूला करायचा प्रयत्न केला. "तोंड आवर! कावळा शिवलाय, दिसला नाय का तुला? नवऱ्याच्या दहाव्याला, श्रावणात, दिराला दारू प्यायला सांगती? लाज नाय वाटत?"

"वाटली होती, आत्याबाई," लता म्हणाली. "शनिवारी मला लाज वाटली, म्हणून मी ग्लास मोरीत ओतला. फिट बिट काय नाय, दारू एकदम सोडल्यामुळं गेले ते. बापाला दारूचाच आजार होता आन् लेकाला पण. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला माहीत होतं, आन् तरी मी त्यांना श्रावण पाळू दिला."

मागे पायरीवर वेदिका उभी होती. ती सगळं ऐकत होती, आणि लताने तिला ऐकू दिलं.

योगेशचे दात वाजत होते. पाणी गार होतं म्हणून असेल, किंवा सकाळपासून त्याला टेम्पोकडे जायला मिळालं नव्हतं म्हणून. तो भावाच्या पिंडाकडे बघत होता. "वहिनी, मी दादाला शब्द दिला," तो म्हणाला. "कावळ्यानं घेतला तो."

"परत घ्या."

"दादा अडकंल ना मग."

"अडकू द्या," लता म्हणाली. तिने त्याचं मनगट सोडलं नाही. "त्यांचं आता काय व्हायचं राहिलंय? तुम्ही आज पिऊन जगा, भाऊजी. सोडायचं आपण उद्या बघू."